करवत घरी घडवताना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता तालुका शिर्डी आणि लोणी या दोन गावांमुळे राज्यभर परिचित आहे. फळबाजारात मात्र राहात्याची ओळख पेरूची. पेरूला फळ नव्या फुटीवर येते. त्यामुळे छाटणी हा बागेच्या नित्यक्रमाचाच भाग असतो. अंगठ्याएवढी फांदी कात्रीने निघते, मनगटाएवढीला करवत लागते. छाटलेल्या फांद्या पुढे बांधावर पडतात किंवा सरपणात जातात. पेरूचे लाकूड दाट आणि चिवट असते व अवजारांच्या मुठींसाठी ते चांगले मानले जाते. करवतीने कापलेल्या फांदीतच दुसऱ्या करवतीची चौकट निघू शकते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

शहरातील हार्डवेअरच्या दुकानात आज मिळणारी प्लास्टिकच्या मुठीची करवत निरखून पाहिल्यास तिच्या दात्यांच्या टोकांवर निळसर-काळी छटा दिसते. विजेच्या प्रेरणाने क्षणभर तापवून ती टोके कडक केलेली असतात. अशी करवत दीर्घकाळ धारदार राहते, यात शंका नाही. पण एकदा बोथट झाली की संपली. तिच्यावर कानस चालत नाही, नुसती घसरते. पूर्वीच्या करवतीचे आयुष्य कानशीच्या आधाराने वर्षानुवर्षे लांबत असे. पाते झिजून अरुंद होई, पण करवत टाकून दिली जात नसे. घरी करवत बनवण्यात पैशाची बचत फारशी होत नाही. खरा लाभ असा, की जिला पुन्हा पुन्हा धार लावता येते अशी करवत हाती येते आणि ती धार कशी लावायची हेही त्याच ओघात शिकून होते.

हौशी माणसाला घरी बनवता येईल अशी करवत म्हणजे लाकडी चौकटीची करवत. मधे एक आडवी काठी, दोन्ही टोकांना दोन उभे बाहू, खालच्या बाजूस पोलादी पाते आणि वरच्या बाजूस पीळ दिलेली दोरी, एवढाच तिचा पसारा. ही रचना फार जुनी आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या इटलीतील हर्क्युलेनियम या नगरातील एका भित्तिचित्रात सुतारकाम करणारी बालके चितारलेली आहेत आणि त्यांच्या हाती चौकटीचीच करवत आहे. लोखंड तापवून तोडण्यापेक्षा कापणारी आजची हॅक्सॉ हीदेखील तिचीच धातूची वंशज. तिथे दोरीच्या पिळाची जागा पंखांच्या नटाने घेतली, इतकाच फरक.

ताणाचे गणित

करवतीचे पाते पातळ असावे, असे कोणालाही वाटेल. पाते जितके पातळ तितका भुसा कमी, तितके श्रम कमी. अडचण अशी, की पातळ पाते पुढे ढकलले की ते वाकते. कागदाची पट्टी ओढली तर सरळ राहते, ढकलली तर दुमडते, तसेच हे. या अडचणीवर जगाने तीन उत्तरे शोधली. इंग्लंड-अमेरिकेतील करवत ढकलून कापते, म्हणून तिचे पाते रुंद आणि जाड ठेवावे लागले. जपानमधील करवत ओढून कापते, म्हणून तिचे पाते अत्यंत पातळ ठेवता आले. आपल्याकडील अनेक जुन्या सुतारी करवतींचे दातेही मुठीकडे वळलेले, म्हणजे ओढून कापणारे असत. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करणाऱ्या कारागिराला ओढणे हेच सोयीचे. ढकलण्यासाठी कमरेइतक्या उंचीचे टेबल आणि त्यावर लाकूड आवळणारा शिकंजा लागतो.

तिसरे उत्तर चौकटीचे. पाते आधीच दोन्ही टोकांनी ताणून ठेवले, तर ओढा अथवा ढकला, ते वाकत नाही. जे काम जाड पोलादाने करायचे ते इथे लाकूड आणि दोरी करतात. म्हणूनच पोलाद महाग असलेल्या काळात ही करवत टिकली आणि म्हणूनच ती आज घरी बनवता येते.

करवत जातानाही कापते आणि येतानाही कापते, असे आपल्या बोलण्यात येते. दुहेरी नुकसान करणाऱ्या माणसाला ही उपमा दिली जाते. सुताराच्या हातातील बहुतेक करवती मात्र एकाच दिशेने कापतात. परतीच्या हेलकाव्यात त्या फक्त भुसा बाहेर काढतात. दोन माणसांनी ओंडका चिरण्याच्या काही मोठ्या करवतींना दोन्हीकडे कापणारे दाते असतात. उपमा बहुधा त्यांच्यावरून आली असावी.

लाकडाची निवड

बाहूंसाठी लाकूड चिवट हवे, कारण पिळाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. बाभूळ, शिसम, धावडा किंवा पेरू यांपैकी काहीही चालेल. दख्खनच्या पठारावर बैलगाडीची चाके आणि नांगर यांसाठी बाभळीला मान होता, तो याच गुणामुळे. मधली आडवी काठी केवळ दाबली जाते, वाकवली जात नाही. तिला जुन्या खिडकीचा सागवानी तुकडाही पुरतो. शहरात राहणाऱ्यांना मोडक्या खाटेचे गाते, जुन्या दाराची चौकट किंवा भंगारात निघालेली खुर्ची हा उत्तम स्रोत. असे लाकूड वर्षानुवर्षे वाळलेले असते. त्यातील खिळे मात्र आधी काढून टाकावेत.

ओल्या फांदीपासून सुरुवात करायची असेल तर घाई करू नये. पेरूचे लाकूड वाळताना तडकते. फांदी हवी त्यापेक्षा वीतभर लांब ठेवावी, दोन्ही कापलेल्या टोकांना रंग किंवा मेण फासावे, सावलीत हवेशीर जागी काही महिने ठेवावी. जाड फांदी असल्यास ती आधी पाचरीने उभी फोडून मग वाळवणे चांगले. फोडलेल्या लाकडात तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. चिरलेल्या लाकडात ते तिरपे तुटतात आणि बाहू नेमका तिथेच मोडतो. स्वतःच्या जमिनीवरील असले तरी साग, खैर, आंबा, चिंच यांसारखी झाडे तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे. चौकटीपुरत्या लाकडासाठी झाड तोडण्याचे काही कारण नाही.

मापे अशी घेता येतील. पात्यातील दोन छिद्रांमधील अंतर ४० सेंटीमीटर. प्रत्येक बाहू ३० सेंटीमीटर लांब आणि २ सेंटीमीटर जाड. रुंदी मध्यभागी ४ सेंटीमीटर, टोकांकडे ३. आडवी काठी दोन बाहूंच्या मध्ये ४४ सेंटीमीटर राहील अशी, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटीमीटरचे कुसू त्याहून जास्तीचे. बाहूंमध्ये कुसवाच्या मापाची खाच पटाशीने कोरावी. इथे एक गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते: हा सांधा सरसाने किंवा फेव्हिकॉलने चिकटवायचा नाही. पीळ देताना बाहू किंचित झुकले पाहिजेत, आणि दोरी सोडली की सगळी चौकट सुटी होऊन पिशवीत मावली पाहिजे.

खाच बाहूच्या बरोबर मध्यावर न घेता खालच्या टोकापासून १४ सेंटीमीटरवर घ्यावी. पाते खालून अडीच सेंटीमीटरवर आणि दोरीची खोबण वरून दीड सेंटीमीटरवर धरल्यास आडव्या काठीपासून पाते साडेअकरा आणि दोरी साडेचौदा सेंटीमीटर दूर राहते. बाहू हा तरफेसारखा काम करतो, त्यामुळे दोरीत जितका ताण येईल त्याच्या सुमारे सव्वापट ताण पात्याला मिळतो. आडवी काठी त्याहून वर सरकवली तर जाड लाकूड कापता येईल, पण ताण उणावेल.

मुठी कुठल्याही घट्ट लाकडाच्या. मुठीचा पुढचा भाग बारीक करून १२ मिलिमीटर जाडीची गोल खुंटी काढावी, ती बाहूच्या भोकातून आत साडेतीन सेंटीमीटर बाहेर यावी आणि तिला मधोमध उभी चीर द्यावी. पात्याचे टोक या चिरेत बसते व आरपार घातलेला ३ मिलिमीटरचा खिळा ते धरून ठेवतो. खुंटी भोकात फिरली पाहिजे, म्हणजे पाते चौकटीला तिरपे करून लांब फळीही चिरता येते.

पाते कुठून आणायचे

सगळ्यात अवघड वस्तू पाते, आणि तीच सगळ्यात स्वस्तही मिळू शकते. लाकडाच्या वखारीत आणि फर्निचरच्या कारखान्यांत पट्टा-करवतीची पाती तुटतात. फर्निचरवाल्यांकडील १२ ते २५ मिलिमीटर रुंदीचा, सुमारे ०.६ मिलिमीटर जाडीचा तुकडा या कामाला योग्य. त्याच्या पाठीवर कानस घासून पाहावी. कानस पोलादात रुतली तर पाते घडवता येईल. काचेवरून घसरावी तशी घसरली तर ते सोडून द्यावे. बऱ्याच पात्यांचे दाते कडक केलेले असतात, पण पाठ मऊ असते. अशा वेळी जुने दाते सहाणेच्या चाकावर उडवून पाठीच्या बाजूला नवे दाते पाडावेत. पोलाद निळे पडेल इतके तापू देऊ नये, मधून मधून पाण्यात बुडवावे.

४३ सेंटीमीटरचा तुकडा कापून घ्यावा. टोकांना छिद्रे पाडताना ड्रिल चालत नाही असे दिसले, तर फक्त शेवटचे दोन सेंटीमीटर लालसर तापवून हवेत आपोआप निवू द्यावेत. ओल्या फडक्याने बाकीचे पाते गुंडाळून ठेवावे. मऊ झालेल्या टोकाला मग भोक पडते. हॅक्सॉचे ३०० मिलिमीटरचे तयार पातेही चौकटीत बसवता येते, त्यासाठी चौकट त्या प्रमाणात आखूड करावी. पण त्याचे दाते बारीक असल्याने ते लाकडात सावकाश चालते आणि ओल्या लाकडात तर गच्च भरून बसते.

दाते

एका पात्यावर साधारण ९० दाते होतात आणि करवतीचे बरेवाईट तिथेच ठरते. चौकट ओबडधोबड असली तरी करवत कापते. दाते वेडेवाकडे असतील तर शिसवी चौकटही व्यर्थ. त्यामुळे या कामाला एक सबंध दुपार राखून ठेवावी.

दोन दात्यांमधील अंतर ४ मिलिमीटर धरावे. कागदाच्या पट्टीवर तेवढ्या अंतराच्या रेघा आखून ती पात्याला चिकटवावी. पाते दोन फळ्यांच्या मधे घट्ट आवळून कड ४-५ मिलिमीटर बाहेर ठेवावी. जास्त बाहेर राहिली तर ती कानशीखाली थरथरते आणि कर्कश किंचाळते. तिनधारी कानशीने आधी प्रत्येक रेघेवर एकच हलका घाव घालावा. सगळ्या खुणा एकसारख्या दिसल्यावर दुसरी फेरी, मग तिसरी. एक दाता पुरा करून दुसऱ्याकडे जाण्याचा मोह टाळावा, कारण अंतर बिघडते ते तिथेच. कानस पुढे जाताना दाबावी, मागे येताना उचलावी.

तिनधारी कानशीचा कोन ६० अंशांचा असतो, म्हणून दात्याचा कोनही आपोआप तेवढाच होतो. प्रश्न फक्त तो किती पुढे झुकवायचा एवढाच उरतो. लाकूड तंतूंच्या दिशेने चिरायचे असेल तर दात्याची पुढची बाजू सरळ उभी ठेवावी. असा दाता पटाशीसारखा तासत जातो. फांदी आडवी कापायची असेल तर पुढची बाजू सुमारे १५ अंश मागे कलती ठेवावी आणि कानस पात्याला काटकोनात न धरता थोडी तिरपी धरावी, एका दात्याला डावीकडून, पुढच्याला उजवीकडून. मग दात्याची टोके सुरीसारखी होतात आणि तंतू उपसण्याऐवजी छेदतात. एकाच पात्याकडून दोन्ही कामांची अपेक्षा धरू नये. दोन पाती करून ठेवली की चौकट एकच पुरते. ओढून कापायचे की ढकलून, हेही याच वेळी ठरवावे लागते. नवख्याने ओढण्याचा पक्ष घ्यावा.

दाते पाडून झाले तरी करवत अजून चालणार नाही. पाते आणि चीर एकाच जाडीची राहिली तर लाकूड दोन्ही बाजूंनी पात्याला धरून ठेवते. म्हणून दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवायचे. संपूर्ण दाता नव्हे, त्याचा वरचा अर्धा भागच वाकवायचा. मुळातून वाकवल्यास तो तुटतो. सुक्या लाकडासाठी प्रत्येक बाजूला दहावा हिस्सा मिलिमीटर पुरतो, छाटणीच्या ओल्या फांद्यांसाठी त्याच्या दुप्पट. यासाठी बाजारात चिमट्यासारखे अवजार मिळते. ते नसल्यास जाड लोखंडी पट्टीला पाते जेमतेम शिरेल एवढी चीर पाडून तिचाच चावीसारखा उपयोग करता येतो.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुतार आणि लोहार हे दोघेही थोरल्या ओळीत गणले जात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात त्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. लाकडाचे काम सुताराचे, लोखंडाचे लोहाराचे. करवत मात्र या दोघांच्या हद्दीवर उभी. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बाजारात आणला आणि लाकडी नांगरांची जागा हळूहळू कारखान्यातील नांगर घेऊ लागले. बैलगाडीलाही लोखंडी सांगाडा आणि रबरी टायर आले. गावच्या सुताराकडील हक्काचे काम असे एकेक करून सुटत गेले आणि दात्यांना कानस मारण्याची विद्या बहुतेक ठिकाणी त्या हातांबरोबरच विरळ झाली. पुस्तकात कोन लिहिता येतो, पण कानस रुतल्याचा आवाज लिहिता येत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळेतील मुलांच्या हाती प्रत्यक्ष अवजारे देण्याचा आग्रह धरला, त्यामागेही हाताने केल्याशिवाय कळत नाही हीच जाणीव होती. केंद्र सरकारची सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतारांना अवजारसंचासाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य देते. विकत आणलेल्या संचालाही धार लावणारा हात लागतोच.

जुळणी आणि पीळ

आडवी काठी खाचांत बसवावी, पाते खिळ्यांनी अडकवावे आणि वरच्या खोबणीतून दोरीचे पाच-सहा वेढे घ्यावेत. नायलॉनची दोरी ताणत राहते, त्यामुळे पीळ उतरतो. अंबाडीची किंवा वाखाची दोरी कमी ताणते. वेढ्यांच्या मधोमध वीतभर लांबीची पिळकाठी घालून फिरवत जावे आणि तिचे खालचे टोक आडव्या काठीला टेकून अडकू द्यावे. पाते बोटाने छेडल्यावर स्वच्छ नाद आला म्हणजे ताण पुरेसा झाला. भद्द आवाज आला तर आणखी एक फेरा. पीळ देताना तोंड पात्याच्या रेषेत नेऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. पाते तुटलेच तर ते याच वेळी तुटते.

पहिल्या कापात करवत क्वचितच सरळ जाते. ती एका बाजूला ओढू लागली, तर त्या बाजूचे दाते अधिक वाकले आहेत असे समजावे आणि त्याच बाजूवरून निसण्याचा दगड एकदाच हलका फिरवावा. दर कापात चीर तिरपी जात असेल तर दोष दात्यांचा नसून मुठींचा असतो. दोन्ही मुठी एकाच कोनात नसल्या की पात्याला पीळ बसतो. एका टोकाकडून डोळा लावून पाहिल्यास तो लगेच दिसतो. चौकट हातात खुळखुळली तर कुसवाचे खांदे काटकोनात नाहीत. ते गुण्या लावून पटाशीने साफ करावेत.

राहात्यासारख्या ठिकाणी किंवा गच्चीवरच्या बागेत हीच करवत छाटणीला वापरायची तर चौकट फांद्यांच्या बेचक्यात अडते, हे आधीच सांगितले पाहिजे. मोकळ्या फांदीला ती उत्तम, दाटीत छोटी वाकडी करवतच बरी. फांदी वरून एकदम कापली तर तिच्या भाराने खालची साल खोडापर्यंत सोलवटते आणि त्या जखमेतून कीड व बुरशी शिरते. म्हणून आधी खालून तिसरा हिस्सा कापावा, मग थोडे पुढे सरकून वरून कापावे. फांदी पडल्यावर उरलेला खुंट सावकाश साफ करावा आणि जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लावली जाणारी ‘सरदार’ अर्थात ‘लखनौ ४९’ ही पेरूची जात १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात निवडली गेली. तिचे झाड पसरट वाढते, आणि पसरट झाडाच्या आडव्या फांद्या अशाच फाटतात.

ओल्या फांद्यांचा चीक दात्यांत सुकला की करवत बोथट झाल्याचा भास होतो. कानस उचलण्यापूर्वी पाते रॉकेल किंवा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून पाहावे. निम्म्या वेळा तेवढ्यानेच ती पुन्हा चालू लागते. काम आटोपल्यावर पिळकाठी दोन-तीन फेरे उलटी फिरवून दोरी सैल करावी, पात्याला खोबरेल तेलाचे बोट ओढावे आणि करवत खुंटीला टांगावी. पावसाळ्यात याची विशेष आठवण ठेवावी, कारण वाखाची दोरी ओल्या हवेत आवळते आणि ताणून ठेवलेली चौकट रात्रीत बाहू मोडून घेऊ शकते.